धुऱ्यावरचा ससा

मागच्या ऑक्टोबरात सोयाबीनची सोंगणी चालू होती, तेव्हाची गोष्ट. सातवीच्या वर्गात हजेरी घेत असताना शेवटच्या बाकावर खुसफुस सुरू झाली. एका मुलाच्या दप्तरात काहीतरी हलत होते. जवळ जाऊन पाहिले तर वह्यांच्या मध्ये, जुन्या ओढणीच्या तुकड्यात गुंडाळलेले सशाचे पिल्लू. मुठीएवढे. अंगभर दाट केस, डोळे टक्क उघडे, कान पाठीला चिकटवलेले. ते ओरडत नव्हते, धडपडत नव्हते, नुसते पाहत होते.

"सर, इसकी माँ इसको छोड़ के चली गई," मुलगा म्हणाला. सोंगणी चालू असताना वावराच्या कडेला हे एकटेच पडलेले दिसले. आजूबाजूला मोठा ससा कुठेच नव्हता. कुत्र्याच्या तोंडी जाईल म्हणून त्याने उचलून आणले होते.

आम्हालाही तसेच वाटले. शिकवणारे आम्ही, पण पोराने सवाबाचे काम केले, अशी पाठ थोपटून मोकळे झालो. गाईचे दूध कोमट करून कापसाच्या बोळ्याने पाजले. पुठ्ठ्याच्या खोक्यात गवत घालून त्यात ठेवले. मुलांनी त्याला नाव दिले, मधल्या सुट्टीत बघायला रांग लागली. तिसऱ्या दिवशी सकाळी खोके उघडले तर पिल्लू गार पडलेले होते. शाळेमागच्या बाभळीखाली मुलांनी खड्डा केला. तो मुलगा दोन दिवस शाळेत आला नाही.

पिल्लू अनाथ नव्हते, हे आम्हाला नंतर कळले. त्याची आई बहुधा त्या संध्याकाळी त्याच जागी येऊन गेली असेल.

आमची शाळा मूर्तिजापूर-दर्यापूर भागातल्या खारपाणपट्ट्यात आहे. सपाट काळी जमीन, खालचे पाणी खारट, डोंगर नाही की मोठे रान नाही. बाभळी, धुरे, नाल्याचे काठ आणि थोडी ई-क्लास जमीन, एवढेच इथले जंगल. अशा ठिकाणी राहूनही आम्हाला सशाविषयी जे ठाऊक होते ते सगळे पिंजऱ्यातल्या पांढऱ्या सशाविषयी होते. अकोल्याच्या किंवा अमरावतीच्या बाजारात मुलांच्या हट्टापायी विकत घेतला जातो तो लाल डोळ्यांचा प्राणी मूळचा युरोपातला आहे. तो बिळे खोदतो, टोळीने राहतो. बालगीतांतला आणि चित्रांच्या पुस्तकांतला ससाही तोच. मराठीत दोघांना एकच शब्द, उर्दूतही दोघे खरगोशच. त्यामुळे एकाच्या सवयी आपण दुसऱ्याच्या माथी मारतो.

आपल्या वावरातला ससा वेगळा. तो बीळ खोदत नाही, त्याला घरच नसते. गवताच्या बुंध्याशी, तुरीच्या ओळीत, धुऱ्यावरच्या झुडपाखाली तो अंगाच्या मापाचा एक उथळ खळगा करतो आणि दिवसभर त्यात बसून राहतो. थंडीत ऊन लागेल अशी जागा बघतो, उन्हाळ्यात सावलीची. दोन पावलांवर आलात तरी उठत नाही, कारण त्याचा पहिला बचाव पळणे नसून न हलणे हा आहे. मातीच्या रंगाचा तो, काळ्या ठिपक्यांची तांबूस-करडी पाठ घेऊन मातीत बसला की नजरेला सापडत नाही. अगदीच पाय पडायची वेळ आली की स्प्रिंग सुटावी तसा उसळतो आणि वेडावाकडा, वळणे घेत पळतो. सरळ धावला तर कुत्रा गाठील. वळणावर मात्र जड अंगाचा कुत्रा पुढे घसरत जातो.

पिल्लांचा फरक तर याहून मोठा आहे. बिळात जन्मणारे पांढऱ्या सशाचे पिल्लू उघडे-नागडे, आंधळे असते, कारण त्याला लपवायला जमीन आहे. रानसशाच्या मादीला साधारण दीड महिना गर्भ वाढवावा लागतो, आणि एक ते चार पिल्ले होतात ती अंगभर केस आणि उघडे डोळे घेऊनच. उघड्या जगात येणाऱ्याला डोळे मिटून चालत नाही. आपल्याकडे पिल्ले वर्षभर केव्हाही होतात, पावसाळ्यात, गवत हिरवे असताना, जास्त.

आता आई. जगातल्या ज्या सशांचा बारकाईने अभ्यास झाला आहे, त्यांच्यात असे दिसते की पिल्ले झाल्यावर आई त्यांच्याजवळ बसतच नाही. दिवसभर दूर राहते. पिल्ले काही दिवसांतच एकमेकांपासूनही थोडी अंतरावर जाऊन दबून बसतात. सूर्य मावळल्यानंतर आई ठरलेल्या जागी येते, पिल्ले तिथे गोळा होतात, पाच-सात मिनिटे दूध पितात, आणि पुन्हा सगळे पांगतात. चोवीस तासांत एकदा. दूध इतके दाट आणि सकस की तेवढ्यावर दिवस निघतो. गाईचे पातळ दूध त्या पोटाला मानवत नाही. पिल्लाच्या अंगाला वास जवळजवळ नसतो. आईच्या अंगाला असतो. ती जवळ बसली तर कोल्हा, खोकड, रानमांजर, मुंगूस त्या वासाने थेट पिल्लापर्यंत येईल. म्हणजे तिचे दूर राहणे हीच तिची राखण आहे. आपल्या बायका लेकराला छातीशी धरून राखतात, ही आपल्यापासून लांब जाऊन राखते. आमच्या सातवीच्या मुलाने पाहिले ते खरे होते, आई जवळ नव्हती. अर्थ मात्र आम्ही सगळ्यांनी मिळून उलटा लावला.

शाळेच्या विज्ञानातही आम्ही वर्षानुवर्षे एक चूक करत आलो. कुरतडणारा प्राणी म्हणून सशाला उंदीर आणि खारीच्या पंगतीला बसवायचो. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीपर्यंत शास्त्रज्ञही तसेच करत. पण सशाच्या वरच्या जबड्यात पुढच्या दोन मोठ्या दातांच्या मागे आणखी दोन बारके दात लपलेले असतात. उंदराला ते नसतात. त्यावरून आणि इतर गोष्टींवरून सशाचा गण वेगळा धरला जातो. दात जन्मभर वाढत राहतात, म्हणून कायम चघळणे आलेच. डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्याने मान न वळवता जवळपास सगळीकडचे दिसते, अगदी पाठीमागचेही. फक्त नाकासमोरचे नीट दिसत नाही. लांब कान ऐकण्यासाठी आहेतच, शिवाय त्यांतल्या रक्तवाहिन्यांतून अंगातली उष्णता बाहेर टाकली जाते. मे महिन्यात अकोल्याचा पारा पंचेचाळिशीपर्यंत चढतो, तेव्हा त्या कानांचे मोल कळते.

एक गोष्ट ऐकायला किळसवाणी आहे, पण मुलांना सांगितली की ती विसरत नाहीत. ससा दोन प्रकारच्या लेंड्या टाकतो. कोरड्या, गोल, हरभऱ्याएवढ्या लेंड्या आपल्याला धुऱ्यावर दिसतात. मऊ प्रकारच्या लेंड्या दिसत नाहीत, कारण तो त्या लगेच परत खातो. गाय-म्हैस रवंथ करते, ससा हे करतो. एकदा पोटातून गेलेल्या चाऱ्यातले सत्त्व दुसऱ्या फेरीत काढून घेतो. कोरड्या गवतावर जगणाऱ्याला ही काटकसर भाग आहे.

आपल्या सशाचे शास्त्रीय नाव लेपस नायग्रिकोलिस, म्हणजे काळ्या मानेचा. एस. एच. प्रेटर यांचे भारतीय सस्तन प्राण्यांवरचे जुने पुस्तक, जे १९४८ मध्ये निघाले आणि अजूनही वाचले जाते, त्याप्रमाणे हा काळा डाग ठळक दिसतो तो गोदावरीच्या दक्षिणेकडच्या सशांत. उत्तरेकडच्या सशांची मान तपकिरी-करडी आणि शेपटीचा वरचा भाग तांबूस असतो. वऱ्हाड गोदावरीच्या उत्तरेला. तेव्हा आपला ससा तांबड्या शेपटीच्या बाजूचा. वजनाला दोन-अडीच किलो, म्हणजे चांगल्या पोसलेल्या कोंबड्याएवढा. अमरावती जिल्ह्यात तो मेळघाटच्या सागवानातही आहे आणि आमच्या खारपाणपट्ट्यातही. दोन वर्षांपूर्वी मुलांची सहल चिखलदऱ्याला नेली होती. बहमनी सुलतान अहमदशहा वलीने पंधराव्या शतकात बांधलेल्या गाविलगडाच्या तटाशी, वाळलेल्या गवतात तशाच गोल कोरड्या लेंड्या मुलांनी शोधून काढल्या. किल्ल्याचा इतिहास आम्ही तासभर सांगितला, पण परतीच्या वाटेवर चर्चा लेंड्यांचीच चालली होती.

डोंगरावरचा आणि सपाटीवरचा, हा आपला ससा एकच. जगात मात्र खास डोंगराळ, बर्फाळ मुलखाचा एक ससा आहे. स्कॉटलंड, नॉर्वे-स्वीडन, आल्प्स पर्वत, रशियाचा सायबेरिया हा त्याचा मुलूख. उन्हाळ्यात तपकिरी असणारा हा ससा थंडी येताच केस टाकून पांढरा होतो आणि बर्फात मिसळून जातो. हा बदल थंडीने होतो असे वाटते, पण मुख्य खूण दिवसाच्या लांबीची असते. दिवस लहान होऊ लागले की पांढरे केस यायला लागतात. अडचण अशी की हवामान बदलून बर्फ आता उशिरा पडतो आणि लवकर वितळतो, दिवस-रात्रीचे वेळापत्रक मात्र तेच आहे. मग हा पांढराशुभ्र ससा काळ्या-तपकिरी डोंगरावर बसलेला असतो, आपण लपलो आहोत अशा समजुतीत, आणि गरुडाला मैलभरावरून दिसतो. १८५५ मध्ये नॉर्वेतून काही ससे फॅरो बेटांवर नेऊन सोडले गेले. तिथे बर्फ फारसा टिकत नाही. काही दशकांतच तिथल्या सशांचे हिवाळ्यात पांढरे होणे बंद झाले. आज ते बाराही महिने मातकट असतात. स्कॉटलंडमध्ये शिकारीच्या पक्ष्यांना रोग लागू नये या कारणाने डोंगरी ससे हजारोंनी मारले जात. मार्च २०२१ पासून तिथे परवान्याशिवाय त्यांना मारण्यास बंदी आहे.

आपल्याला बर्फाची चिंता नाही. पण लपायची जागा गेली की काय होते, हे आपल्याकडच्या सशालाही लागू आहे. त्याकडे पुढे येऊ. त्याआधी एक वेगळी वाट.

उर्दू शिकवताना 'खरगोश' हा शब्द येतो तेव्हा मुले हसतात. फारसीत खर म्हणजे गाढव आणि गोश म्हणजे कान. गाढवाच्या कानांचा तो खरगोश. अरबीत त्याला अर्नब म्हणतात. उर्दूत 'ख्वाब-ए-खरगोश' असा एक वाक्प्रचार आहे, गाफील माणसासाठी. बेसावध झोपलेला तो सशाच्या झोपेत. गंमत अशी की चौदाव्या शतकातले इजिप्तचे विद्वान दमीरी यांनी प्राण्यांवर जो मोठा ग्रंथ लिहिला, 'हयातुल हयवान', त्यात ससा उघड्या डोळ्यांनी झोपतो असे नोंदवले आहे. शिकारी येतो आणि तो जागा आहे असे समजतो. त्याच परंपरेत ससा एक वर्ष नर आणि एक वर्ष मादी असतो, असली ऐकीव माहितीही आहे. ती अर्थातच खरी नाही. पण डोळ्यांचे निरीक्षण कुणीतरी रानात, सशाच्या समोर बसून केलेले आहे, हे वाचताना जाणवते. मग सशाची झोप गाफीलपणाची की सावधपणाची, हे मुलांनीच ठरवावे असे आम्ही वर्गात सांगतो. पंचतंत्रातला सिंहाला विहिरीत उतरवणारा ससाही आठव्या शतकात इब्नुल मुकफ्फा यांच्या 'कलीला व दिमना'मधून अरबीत गेला आणि तिथून जगभर फिरला. आपल्या मुलखातला भित्रा प्राणी दोन्ही परंपरांत हुशार म्हणूनच ओळखला जातो.

हदीसमध्येही ससा आहे. हजरत अनस (रजि.) यांची रिवायत बुखारी आणि मुस्लिम दोन्हींत आहे. मक्केजवळ मर्रुज्जहरान इथे लोकांनी एक ससा उठवला, धावून धावून सगळे थकले, शेवटी तरुण अनस यांनी तो धरला. अबू तलहा (रजि.) यांनी तो जबह करून त्याच्या मांड्यांचा भाग प्रेषित मुहम्मद (स.) यांच्याकडे पाठवला आणि त्यांनी तो स्वीकारला. त्यामुळे चारही सुन्नी मजहबांत सशाचे मांस हलाल धरले जाते. शिया फिकहमध्ये तसे नाही. इथपर्यंतचे आपल्या बहुतेक घरांत ठाऊक असते. त्याच्या पलीकडचे कमी ठाऊक असते. इहरामच्या अवस्थेत शिकार मना आहे आणि केली तर भरपाई द्यावी लागते. 'मुवत्ता'मध्ये हजरत उमर (रजि.) यांचा निवाडा नोंदलेला आहे: हरणाच्या बदल्यात एक शेळी, सशाच्या बदल्यात वर्षाच्या आतली एक पाट. इतक्या लहान जनावराच्या जिवाचीही मोजदाद केली गेली, हे वाचून आम्ही थोडा वेळ थांबलो होतो. आणि अबू दाऊदमधली ती पाखराची हकीकत: प्रवासात काही सहाबांनी एका पाखराची दोन पिल्ले उचलली, आई पंख फडफडवत भोवती घिरट्या घालू लागली, तेव्हा प्रेषितांनी (स.) हिला पिल्लांवरून कुणी दुखावले असे विचारून ती परत ठेवायला सांगितली. ही हदीस आम्ही कितीतरी वेळा शिकवली होती. खोक्यातल्या पिल्लाला दूध पाजताना मात्र ती आठवली नाही.

आता अवघड विषय. दिवाळीनंतर पीक निघाले, वावरे मोकळी झाली की आमच्या भागात रात्री मोटारसायकली फिरू लागतात. मागे बसणाऱ्याच्या हातात प्रखर टॉर्च, बरोबर दोन-चार कुत्री, काठ्या. ससा उजेडात सापडला की क्षणभर थबकतो, आणि तेवढा क्षण पुरतो. ही मुले कुठल्या एका समाजाची नसतात. आपलीही असतात, हे मान्य केले पाहिजे. आमच्या एका माजी विद्यार्थ्याला याविषयी बोललो. शांत, नमाजी मुलगा. तो म्हणाला, "सर, हलाल तो है ना?"

आम्ही मुफ्ती नाही, फतवा देण्याचा आमचा अधिकार नाही. पण त्याच्याशी जे बोललो ते इथे लिहितो. हलाल म्हणजे खायला परवानगी; कुठल्याही मार्गाने मिळवायला नव्हे. शेजाऱ्याचा बकराही हलालच असतो. दुसरे, काठीच्या फटक्याने मेलेला आणि मग सुरी फिरवलेला ससा जबह झाला का? सूरह अल-माइदाच्या तिसऱ्या आयतीत मार लागून मेलेले जनावर हराम सांगितले आहे. शिकारी कुत्रा शिकवलेला असावा, त्याला बिस्मिल्लाह म्हणून सोडावे, अशा अटी आहेत. गल्लीतली भटकी कुत्री त्यांत कुठे बसतात, हे आपल्या गावच्या आलिमांना विचारावे. आणि भूक म्हणून नव्हे, मौज म्हणून जीव घेणे आपल्या दीनमध्ये कधीच चांगले मानलेले नाही.

तिसरी गोष्ट कायद्याची, आणि तिथे शंकेला जागा नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. ससा आधी त्याच्या चौथ्या अनुसूचीत होता; २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाल्यावर तो दुसऱ्या अनुसूचीत आला. त्याला मारणे, पकडणे, फासे लावणे, पकडण्याचा प्रयत्न करणे, हे सगळे कायद्याच्या भाषेत शिकारच. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. वापरलेली गाडीही जप्त होऊ शकते. बापाने कर्ज काढून घेतलेली गाडी, पोलीस भरतीची तयारी करणारा मुलगा, आणि अडीच किलोचा ससा. आमच्या त्या विद्यार्थ्याच्या अम्मीला हा हिशेब सांगितला तेव्हा तिने त्याच रात्री टॉर्च कपाटात ठेवून कुलूप लावले. आमच्या दाखल्यांपेक्षा ते कुलूप जास्त परिणामकारक ठरले असावे. मुलाला मात्र हिशेबापेक्षा हजरत उमरांच्या निवाड्याची गोष्ट लागली असे त्याने पुढे कधीतरी सांगितले. आणि कायद्याचे बघायचे तर शाळेत खोक्यात पिल्लू ठेवणारे आम्हीही नकळत त्याच कायद्याच्या कक्षेत आलो होतो, हेही कबूल करून टाकतो.

गावात ससा कमी झाला की बोट चटकन फासेपारध्यांकडे जाते. फासे लावून तितर-ससे धरणे हा त्यांचा पिढीजात व्यवसाय होता, आणि कायद्याने तो बंद झाल्यावर पोटाची दुसरी सोय त्यांच्यातल्या सगळ्यांना काही मिळाली नाही. पोटासाठी फासा लावणारा आणि व्हिडिओ काढण्यासाठी मोटारसायकल पळवणारा, दोघे कायद्यापुढे सारखे असले तरी गावाने दोघांना सारखे मोजू नये, असे आमचे मत आहे.

तरीही सशाचे खरे नुकसान शिकारीने किती आणि बाकी कशाने किती, हा प्रश्न उरतो. देशपातळीवर हा प्राणी धोक्यात नाही. जागतिक यादीत तो सर्वांत कमी चिंतेच्या गटात आहे. पण आमच्या शिवारात म्हातारी माणसे सांगतात की पूर्वी जागलीला गेले की रात्रीत पाच-सहा ससे दिसायचे. ज्यांच्या वावरात ते पिल्लू सापडले होते ते काका आम्हाला धुऱ्यावर घेऊन गेले. "सर, पह्यले हा धुरा बैलगाडी जाईन एवढा होता. आता दोन वावरांच्या मंधात निस्ती एक रेघ राह्यली. त्याच्यावरबी तननाशक मारलं का झालं साफ. ससा बशीन कुठी?" धुरा नांगरून घेतला की एकराला दोन ओळी पीक जास्त येते. त्या दोन ओळींसाठी बोरीची झुडपे, कुंदा, हरळी, सगळे जाते. तणनाशकाने गवत मरते, म्हणजे लपायची जागा आणि चारा एकदमच. सोंगणीनंतर उरलेले कुटार, धसकटे पेटवली की ज्यांची रीतच न हलण्याची आहे ती पिल्ले जागच्या जागी जळतात. मोठा ससा पळून जातो. ई-क्लास जमिनींवर अतिक्रमणे झाली, त्यांत आपल्या सगळ्यांचेच हात आहेत. खरे तर रोही आणि रानडुकरांनी शेतकरी इतका टेकीला आला आहे की कुठल्याही रानजनावराविषयी चार चांगले शब्द त्याला सांगवत नाहीत. ससाही उगवते सोयाबीन आणि हरभऱ्याचे कोंब खातो, नाही असे नाही. पण काकांच्याच शब्दांत, "रोह्यानं खाल्लं तं वावर जाते, सश्यानं खाल्लं तं घास जाते."

रस्त्यांचेही आहे. अमरावती ते अकोला राष्ट्रीय महामार्ग ५३ वर जून २०२२ मध्ये ७५ किलोमीटरचा थर १०५ तास ३३ मिनिटांत टाकला गेला आणि त्याची गिनीज बुकात नोंद झाली. आम्हा सगळ्यांना त्याचा अभिमान वाटला. आधीच्या खड्ड्यांनी हाडे खिळखिळी केली होती. आता गाड्या सुसाट जातात. पहाटे फजरनंतर त्या रस्त्याने जायचा योग आला तर डांबरावर चपटे झालेले तांबूस-करडे काहीतरी अधूनमधून दिसते. उजेडात थबकायची सशाची सवय इथेही नडते.

ते पिल्लू गेल्यानंतर मुलांना आम्ही शिक्षा म्हणून नव्हे, पण काम म्हणून एक गोष्ट दिली. रविवारी धुऱ्याधुऱ्याने फिरून सशाच्या खुणा शोधायच्या. पाऊस पडून गेल्यावर काळ्या मातीत पावले छान उमटतात: पुढची दोन बारकी पावले एकामागे एक, आणि त्यांच्याही पुढे मागच्या पायांचे दोन लांबट ठसे. उडी मारताना मागचे पाय पुढच्यांना ओलांडून पडतात, म्हणून हा उलटा क्रम. त्यावरून ससा कुठल्या दिशेने गेला हे सांगताना पहिल्या रविवारी सगळ्यांनीच चूक केली. मुलींनी यात बाजी मारली हे सांगितले पाहिजे. सरपण आणि सांभार आणायला वावरात जाणाऱ्या त्याच, त्यांची नजर खाली असते.

आणि पिल्लू दिसले तर काय करायचे, हे आता शाळेतला प्रत्येक मुलगा सांगतो. हात लावायचा नाही. कुत्रे मांजर जवळ असेल तर त्यांना हाकलायचे. ट्रॅक्टरच्या वाटेत असेल तर हातात गवत घेऊन, त्या गवतासकट उचलून जवळच्याच झुडपाखाली ठेवायचे आणि लांब निघून जायचे. कुणी घरी आणलेच असेल तर त्याच दिवशी, त्याच जागी परत ठेवायचे. अंधार पडल्यावर आई येण्याची शक्यता असते. जखमी असेल तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करायचा. दूध पाजायचे नाही.

जानेवारीत तुरीची कापणी निघाली. काकांचा फोन आला, "सर, आपल्या त्या पोराले घेऊन या." तुरीच्या ओळीत दोन पिल्ले दबून बसली होती, एकमेकांपासून दहा-बारा पावलांवर. मजूर थांबलेले. त्या मुलाने लांबूनच पाहिले, पुढे गेला नाही. काकांनी तिथल्या चार ओळी तशाच उभ्या ठेवून बाकीची तूर कापून घेतली. मगरिबची नमाज आम्ही नाल्याच्या काठीच पढलो आणि मग लांबच्या धुऱ्यावर बसून राहिलो. अंधार दाटत होता. एक सावली आली, थांबली, कान उभे झाले, पुन्हा थांबली, मग तुरीत शिरली. मुलगा मोबाइलच्या घड्याळात मिनिटे मोजत होता. सहा मिनिटांनी ती बाहेर पडली आणि नाल्याकडे गेली.

पाचव्या दिवशी काकांनी त्या चार ओळीही कापल्या. आत फक्त लेंड्या सापडल्या.